तुझ्या नावाचा जीव

आई,

तुला एक विचारायचं आहे. वलगावच्या पुढे एक जुनं तळं आहे. आजूबाजूचे शेवंती-झेंडू लावणारे लोक बाजाराला निघण्याआधी तिथे टोपल्या धुतात, दुपारी म्हशी बसतात, उन्हाळ्यात ते निम्मं आटतं. त्या तळ्यात मला एक जीव सापडला. मोहरीच्या दाण्याएवढाही नाही, काचेसारखा आरपार, वल्ह्यासारखे पाय आणि अंगाएवढ्या लांब मिशा. असे पाण्यात तरंगणारे जीव जगात हजारो प्रकारचे आहेत, आम्ही त्यांना प्लवक म्हणतो, पण हा त्यांतल्या कुणाशीच जुळत नाही. पुष्कळ पडताळून पाहिलं, बाहेरदेशीच्या दोन-चार जाणकारांना चित्रं पाठवली. सगळे म्हणाले, नवीन आहे. नवीन म्हणजे माणसाला नवीन; तो बिचारा तिथे कधीपासूनचा राहतोय, त्याला काय त्याचं. आता त्याला नाव ठेवायचं आहे आणि ते माझ्या हातात आहे. माझ्याबरोबर हे काम करणारी माझी जुनी विद्यार्थिनी, अचलपूरच्या मुसलमान घरातली, आता स्वतः कॉलेजात शिकवते. ती सहज बोलून गेली, "मॅडम, इतना क्या सोच रहे? अपनी अम्मी का नाम दे दो ना." तिला वाटलं, मला आनंद होईल. मी चष्मा पुसत बसले.

आमच्या कामातलं हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. आमच्यात नाव असं हवेत ठेवत नाहीत. एक नग निवडतात. त्याला औषधात मारतात, सुईच्या टोकाने त्याचे पाय एकेक सुटे करतात, काचेवर मांडतात, चित्र काढतात, आणि तो नग कुठल्यातरी मोठ्या संग्रहालयात कायमचा ठेवून देतात. नाव आधी त्या एकाचं, मग त्याच्यासारख्या सगळ्यांचं. या प्रकारात जात ओळखायची ती नराच्या पाचव्या पायावरून, म्हणून निवडलेला नगही नरच. म्हणजे तुझ्या नावाचा जो पहिला दाखला जगात राहील, तो बाप्या असणार. इथपर्यंत तू हसली असतीस, पदर तोंडाला लावून. पण तो बाप्या मी मारलेला आहे. जी जन्मात पाणी गाळल्याशिवाय प्यायली नाही, तिचं नाव तिच्या लेकीने मारलेल्या जिवाला द्यायचं, हे तुला चालेल का? एवढंच विचारायचं आहे.

अकोल्याचं घर मला आठवतं ते मागच्या अंगणापासून. चार बिऱ्हाडांत एक विहीर, आणि त्या चारांत जैन आपण एकटे. सकाळची वेळ आहे. तू हंड्याच्या तोंडावर कापड दुहेरी करून बसवतेस, मधोमध हाताने खळगा करतेस, त्यात बादली ओततेस. गाळायला नवं कापड आणलं की तू ते डोळ्यांसमोर उन्हात धरून बघायचीस. आरपार सूर्य दिसला तर ते परत दुकानात. शेजारची काकू रोज एकदा तरी म्हणायचीच, "काय व, पानी गाळून राहिली का चहा?" आणि तू मान वर न करता म्हणायचीस, "ये, कपभर घेऊन जाय." मग खरं काम. गाळून झालं की तू ते कापड उलटं करतेस, गाळलेल्याच पाण्याने खळबळून काढतेस, आणि ते पाणी, म्हणजे जिवाणी, एका छोट्या बादलीत घेतेस. त्या बादलीला बुडालाही एक कडी होती, दोरी त्या कडीला बांधून वरच्या दांडीत आकड्याने नुसती अडकवलेली. दोरी सोडत सोडत बादली थेट पाण्याला टेकवायची, मग हलका झटका, की आकडा सुटून ती तिथेच उलटी होई. वरून ओतायचं नाही, पडून मरतील. दुसऱ्या विहिरीत तर मुळीच नाही. ज्या पाण्यातले त्याच पाण्यात. बाबा गेल्यावर तू दिवसभर शिलाई मशीनवर बसायला लागलीस, तेव्हा हे काम तू माझ्याकडे दिलंस. मी जेमतेम विहिरीच्या काठाच्या वर दिसायचे.

"यात काय असते व आई?" मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "जीव." "मले तर काहीच दिसून नाही राहिलं." "तुले दिसत नाही म्हणून ते नाहीत काय? मोठी आली पाहणारी!" मला त्या कामाचा केवढा ताठा होता सांगू! शाळेत मुली विचारायच्या, सकाळी काय करतेस, तर मी सांगायचे, जीव सोडते. त्या म्हणायच्या, येडी आहेस. मी घरी येऊन तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, त्याईच्या घरचं पाणी पिऊ नको मंग. आपण दोघी किती हसलो होतो.

मी या विषयाकडे वळले ती त्या बादलीमुळे, दुसरं काही कारण नाही. अमरावतीला एम.एस्सी.ला आले, सरांनी तळ्याच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि म्हणाले, बघ. मी बघितलं आणि मला रडूच फुटलं. होते ना! तू म्हणायचीस ते सगळे होते. कुणी जागच्या जागी गिरक्या घेतंय, कुणी उड्या मारतंय, कुणाच्या पोटात आत्ताच खाल्लेलं हिरवं शेवाळ बाहेरून दिसतंय. सर घाबरले, म्हणाले डोळ्यात काही गेलं का. माझ्या मनात एवढंच, आईला दाखवायचं. पुढच्या खेपेला तू एसटीने मुगवड्यांचा डबा घेऊन आलीस, तेव्हा तुला वसतिगृहावर न नेता आधी प्रयोगशाळेत नेलं. तू देवळाबाहेर काढाव्यात तशा दाराशी चपला काढल्यास. उंच स्टुलावर बसायला तयार नव्हतीस. एक डोळा मिटायला जमेना, म्हणून शेवटी मीच तुझ्या डाव्या डोळ्यावर हात धरला. आणि तू ओरडलीस, "अवं माय! हे तर दोन्ही कडेवर लेकरं घेऊन फिरून राहिली!" ती एक मादी होती, शेपटाच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या घेऊन हिंडणारी. तू कितीतरी वेळ उठली नाहीस. वर्गातली मुलंमुली गोळा झाली, आणि तू त्यांना सांगत होतीस, पाहा, मी काय म्हणून राहिली होती, हायेत का नाही? मला पुढे बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या, पण त्या दुपारइतका आनंद मला परत कधी झाला नाही.

मग तू विचारलंस, "आता याईले कुठं सोडता?" मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "सोडत नाही आई. औषध टाकतो, म्हणजे मोजता येतात." "औषध म्हंजे?" मी म्हणाले, "मरतात त्यानं." तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू ओळख पटत नसल्यासारखं पाहिलंस. डबा माझ्या हातात दिलास आणि गाडीची वेळ झाली म्हणालीस. गाडीला पुष्कळ वेळ होता. दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला आले, सकाळी सवयीने गाळायचं कापड उचललं, तर तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस. "राहू दे. मले करू दे." बस, एवढंच. त्यानंतर ते काम तू मला कधीच करू दिलं नाहीस. डोक्याला तेल लावलंस, तव्यावरची गरम भाकरी पानात टाकलीस, चार घरांत माझं कौतुक केलंस, सगळं केलंस. पाणी मात्र तुझं तू गाळलंस. भांडली असतीस तर मीही चार शब्द बोलले असते, तू दोन थोबाडीत दिल्या असत्यास, मिटलं असतं. तू भांडलीच नाहीस. मला त्याचा फार राग आला आई, अजूनही येतो.

त्या रागातच मी समुद्राकडे गेले असेन. वऱ्हाडातली पोर, मोठं पाणी म्हणजे काय तर पूर्णेचा पूर, आणि नोकरी लागली ती समुद्रकाठच्या संस्थेत, जहाजावर. पहिले दिवस नुसती ओकत होते. मग जमलं. बारीक जाळी खोल सोडायची, हळूहळू वर ओढायची, तिच्या तळाच्या डबीत जे साठेल ते बाटलीत, बाटलीत औषध, पुन्हा पुढचं ठिकाण. किनाऱ्यावर आलं की महिनोन्‌महिने मोजत बसायचं. पावसानंतर कोण वाढलं, कुणी कुणाला खाल्लं, पाणी तापलं तर कोण नाहीसं झालं. समुद्रातला प्रत्येक मासा शेवटी या बारक्या जिवांवरच जगतो, हे मी तुला एकदा मोठ्या हौसेने फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, "मंग माशाईसाठी मारतेस काय?" "नाही गं, समजून घ्यायला." "काय समजते?" "पाणी कसं आहे ते." "ते तर पिऊनबी समजते." मी फोन ठेवून हसले. आणि हसून झाल्यावर हे सांगायला शेजारी कोणी नाही, हे माझ्या लक्षात आलं.

दिवस मावळायच्या आत जेवायची तुझी शिस्त मात्र मी मोडली नाही. देवळात जाणं सुटलं, उपास सुटले, कांदा-लसूण खायला लागले, हे एक राहिलं. का, ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येत नाही. जहाजावर सगळे दिवे लागल्यावर एकत्र जेवत, एकमेकांची टर उडवत, गाणी म्हणत. मी त्याच्या आधीच, उजेडात, रिकाम्या टेबलांमध्ये बसून जेवून घेई. बंगाली आचारी म्हणायचा, दीदी का खाना, हमारा चाय. पुढे किनाऱ्यावरही तेच. लोक बोलवायचे, मी जायचे आणि नुसती पाण्याचा ग्लास धरून बसायचे. हळूहळू बोलावणं थांबलं. माणसं जेवताना जवळ येतात गं, आणि मी तेव्हा जेवून मोकळी झालेली असायचे. लग्नाचंही असंच राहून गेलं. तू खटपट केलीस, वैतागलीस. "पोरावाल्याईले सांगू तरी काय? पोरगी किड्याईचे पाय मोजते म्हणून?" मी म्हणाले, तसंच सांग. तू खरंच तसं सांगितलंस, आणि ते लोक परत फिरकले नाहीत. त्यांचं काय चुकलं म्हणा.

तुझे गुडघे गेले तेव्हा मी समुद्र सोडला, अमरावतीच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि तुला अकोल्याहून माझ्या फ्लॅटवर आणलं. इथे विहीर नव्हती, नळ होता. तू नळाचंही गाळायला लागलीस. "आई, यात क्लोरीन असतं, काही जिवंत उरत नाही." "एखादं उरलंबी असन. तुले सांगून मरते काय ते?" बरं, गाळलं तर जिवाणी सोडायची कुठे? ज्या पाण्यातले त्याच पाण्यात, आणि नळाला पाणी येतं धरणातून. मी विद्यार्थ्यांना घेऊन नमुने आणायला त्याच धरणावर जाते हे तुला कळलं मात्र, तू साठवलेल्या जिवाणीची बरणी माझ्या हातात ठेवलीस. "धरणात सोडजो. वरून फेकू नको, पाण्याले टेकवून सोडजो." आणि मी, प्लवकांवर डॉक्टरेट केलेली बाई, ती बरणी मांडीवर धरून खड्ड्याखड्ड्यांतून जीपमधून गेले. बरणीत काहीही नव्हतं, आई. मी तपासून पाहिलं होतं. तरी होडीतून वाकून, पाण्याला टेकवून ती ओतली, आणि त्याच हाताने जाळी टाकून हजारो जीव वर काढले आणि बाटलीत औषध घातलं. मुलं एकमेकांकडे बघत होती. घरी आले की तू दारातच विचारायचीस, सोडले का? मी म्हणायचे, सोडले.

पण गाळायला तू मला तेव्हाही देत नव्हतीस. हात थरथरायचे, निम्मं पाणी ओट्यावर सांडायचं, तरी नाही. सोडायला मी चालत होते, गाळायला चालत नव्हते. हे कुठलं शास्त्र, असं मी एकदा चिडून विचारलं. तू शांतपणे म्हणालीस, "चिडून कावून राहिली? भूक लागली काय तुले?" त्यापुढे काय बोलणार!

शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात, तू दुपारची जरा शुद्धीवर असायचीस. एकदा आपण दोघीच होतो. मी विचारून टाकलं, "आई, मी जन्मभर जे केलं ते पाप का गं?" मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. कुठलीही आई म्हणाली असती, लेकीच्या समाधानासाठी. तू छताकडे बघत म्हणालीस, "मले काय विचारतेस? ज्याईले मारलं त्याईले विचार." मग डोळे मिटलेस, आणि ते न उघडता म्हणालीस, "जेवली काय? दिवस कलून राहिला." मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडला. रडत रडत सगळा डबा संपवला. आत आले तर तू झोपली होतीस, आणि नंतर आपलं असं बोलणं झालं नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी कधीच निवृत्त झाले. मायक्रोस्कोप घरीच आहे, जेवणाच्या टेबलावर. टेबलाला चार खुर्च्या आहेत कारण ते तसंच विकत मिळतं. सकाळी एखाद्या तळ्यावर जाते, थोडं पाणी आणते, दिवसभर बघत बसते. कधीकधी दोन-दोन दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, मग भाजीवाली आली की मी उगाच वांग्यांवरून तिच्याशी हुज्जत घालते. ती हुशार आहे, तिला कळतं. भाव कमी न करता तेवढाच जास्त वेळ थांबते. नावाचं निघालं तेव्हा मी माझ्या विद्यार्थिनीला सगळं सांगितलं, विहीर, जिवाणी, तू हातातून कापड घेतलंस ते. ती म्हणाली, "तो फिर तालाब का नाम दे देते, मॅडम. वलगाव का." तिचं बरोबर होतं. तळ्याचं नाव दिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. जाता जाता दाराशी थांबून ती म्हणाली, "पर आप की मर्जी क्या है?" मला हे किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

आता खरं सांगते. मी तुला विचारायला बसले, असं वर लिहिलं ते खरं नाही. त्या जिवावरचा पेपर सोमवारीच छापायला पाठवून दिला, त्याला तुझं नाव देऊन. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मी ऐकलं नसतं, म्हणून आधी पाठवला आणि मग लिहायला बसले. तुझ्या सन्मानासाठी दिलं, असं लोकांना सांगीन, पण तेही खरं नाही. मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. तुला नावाने हाक मारणारं ते शेवटचं माणूस. मी तर तुला आईच म्हणत आले. आता माझ्यामागे तुझं नाव तोंडाने घेणारं कोणी राहणार नाही, आणि माझं घेणारंही. कधीतरी कुणी अनोळखी मुलगा किंवा मुलगी वलगावच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवेल आणि तुझं नाव उच्चारेल, वेडंवाकडं का होईना.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, म्हणून एवढं एक लिहून ठेवते. माझ्याकडे एक नग आधीचा होता. सुईखाली त्याचा पाय जरा तुटला होता, पण तळ्याच्या नावाला तो चालला असता. तुझ्या नावाला तुटका नको, म्हणून मी गेल्या आठवड्यात परत वलगावला गेले, एक धडधाकट, पोहणारा, निवडून घरी आणला आणि या टेबलावर त्याच्यावर औषधाचा थेंब सोडला. आजवर मारले ते सगळे काहीतरी समजून घेण्यासाठी मारले होते, आई. हा एक मी एकटी पडले म्हणून मारला.